बुडबुडे जास्त कुठल्या तारेला?

मी यंत्रं दुरुस्त करतो असं सांगितलं की गावाकडचे लोक घरातून मिक्सर आणून समोर ठेवतात. चेन्नईतले शेजारी इन्व्हर्टर दाखवतात. मी दोन्ही करून देतो, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं आणि आता तेवढा दम उरलेला नाही. माझी नोकरी मात्र वेगळी आहे. प्रयोगशाळांना उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर आहे. ऑफिस नुंगंबाक्कमला. मी मात्र ऑफिसात क्वचितच असतो. सकाळी अंबत्तूरच्या कारखान्यात, दुपारी पेरुंगुडीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत, आणि मधला सगळा वेळ रस्त्यावर. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्याला बॅग, बॅगेत मीटर. निवृत्तीला अजून थोडा अवकाश आहे, पण गुडघे माझ्याआधीच निवृत्त झालेत.

मी मूळचा उदगीरचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो ते शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. त्यांनी एकदा वर्गात लोहचुंबकाची पट्टी हातोडीने तोडली. आम्हाला वाटलं, आता एका तुकड्यात उत्तर टोक राहील, दुसऱ्यात दक्षिण. सरांनी दोन्ही तुकडे टाचण्यांच्या ढिगाला लावून दाखवले. दोन्ही तुकड्यांना दोन्ही टोकं होती. शाळेच्या मालकीचा एकुलता एक चुंबक त्यांनी आमच्यासाठी तोडला होता, त्याचं मुख्याध्यापकांना काय सांगितलं कोण जाणे. त्या सरांचे उपकार मी अजून वागवतो. माझं नाव बालाजी. आमच्याकडे ते घरोघर आहे, आणि इथेही. त्यामुळे इथले लोक मला पहिल्या भेटीत आपला समजतात, मी तोंड उघडेपर्यंत.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांतून हिंडून मला विज्ञानातली एखादी गोष्ट खरोखर समजली असेल, तर ती ध्रुवता. एखाद्या वस्तूची दोन टोकं किंवा दोन बाजू सारख्या नसणं, एवढाच तिचा अर्थ. बॅटरीला धन आणि ऋण टोक असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाण्याच्या कणालाही एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असतो. म्हणून मीठ पाण्यात विरघळतं आणि तेल विरघळत नाही. रसमवर हिंगाच्या फोडणीचं तेल तरंगतं आणि चिंचेचा आंबटपणा खालच्या पाण्यात उतरतो, तो याच कारणाने. मसाल्यातली भेसळ शोधणारं आमचं यंत्र यावरच चालतं. एका नळीत तेलकट स्वभावाची भुकटी ठासून भरलेली असते. तिच्यातून नमुना ढकलला की पाण्याशी जमवून घेणारे पदार्थ आधी निघून जातात आणि तेलकट पदार्थ मागे रेंगाळतात. कोण किती वेळाने बाहेर पडलं, यावरून तो कोण ते ओळखायचं. चाळीत शेजाऱ्यांना आपण यापेक्षा वेगळं कसं ओळखतो?

हे विसरलं की काय होतं याचे नमुने मी पुष्कळ पाहिलेत. अंबत्तूरला नळाच्या तोट्यांवर निकेलचा मुलामा देणारे तंगराज म्हणून एक मालक आहेत. त्यांचा एकदा फोन आला. "सार, निकेल चढत नाही."

"कमी चढतंय का?"

"चढत नाही म्हणतो ना. माल बारीक होतोय."

जाऊन पाहिलं तर नव्या इलेक्ट्रिशियनने जाडजूड केबलींची अदलाबदल केली होती. वस्तू ऋण टोकाला टांगली तर तिच्यावर धातू बसतो. तीच धन टोकाला टांगली तर तिचाच धातू सुटून पाण्यात जातो. तंगराजांच्या तोट्या उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या आणि टाकीतलं पाणी नासलं होतं. मी तारा सरळ करून दिल्या. टाकी शुद्ध करायला त्यांना पुढे बरेच दिवस लागले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दोन्ही केबली काळ्याच आहेत सार, मी काय करू?" त्याचं खरंच होतं.

घरीही सुटका नाही. खालच्या मजल्यावरच्या मामींनी शेवग्याची फांदी लावायला दिली, ती माझ्या बायकोने कुंडीत उलटी खोचली. झाडाच्या फांदीलाही वर-खाली असतं. मुळं फुटायची ती तिच्या खालच्या टोकाकडून, आणि तुम्ही ते टोक आकाशाकडे केलं म्हणून फांदी आपला विचार बदलत नाही. हे मी सांगितलं तर रेखा म्हणाली, "तुमच्या यंत्रांना लाल-काळं लावलेलं असतं. शेवग्याला कोण लावणार? आणि एवढं कळतंय तर खोचताना कुठे होता?" मी अंबत्तूरला होतो.

अशा गोष्टी सांगून लोकांना हसवता येतं. पण एक प्रसंग असा आहे की तो मी कधी हसवायला सांगत नाही.

पेरुंगुडीत एक छोटी खासगी प्रयोगशाळा आहे. रक्तातून आनुवंशिक आजार शोधायचं काम तिथे चालतं. तिथली सुधा राव ही मुख्य तंत्रज्ञ. सुधाचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. तिची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी आहे आणि तमिळच्या चालीवर चालते. पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली तेव्हा मला आजीच्या पोथीतलं कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं होतं. तिला माझं बोलणं पेपरातल्या बातमीसारखं वाटतं. "अण्णा, तुम्ही बोलतां तेव्हां मला वाटतें, आतां हवामान सांगणार," असं ती म्हणते.

तिच्याकडे त्या वर्षी मुरुगेसन नावाचा माणूस यायचा. अंबत्तूरला एका कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याचा मोठा मुलगा लहानपणीच गेला होता. आधी ओकाऱ्या, मग झटके, मग शुद्ध हरपणं. कशाने गेला ते कोणाला कळलं नव्हतं. मुलगा गेला तेव्हा त्याच्या रक्ताचा थोडासा नमुना एका डॉक्टरांनी शहाणपणाने राखून ठेवला होता. आता मुरुगेसनला मुलगी झाली होती, काही महिन्यांची. आणि तिनेही ओकायला सुरुवात केली होती.

सुधाने मला समजावून सांगितलं होतं. भावाच्या नमुन्यात नेमका बिघाड कुठे आहे ते सापडलं, तर मुलीत तोच आहे का ते लगेच पाहता येईल. असला, तर तो बहुधा असा आजार आहे की खाण्यातले काही पदार्थ वर्ज्य केले आणि औषध दिलं की मूल जगतं, वाढतं. पण कुठे शोधायचं हेच माहीत नसेल, तर तपासण्यांत महिने जातील. आणि मुलीजवळ महिने आहेत की नाहीत, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मुलाचा नमुना जुना आणि थोडा. त्यातून कसाबसा उपयोगी पडेल असा डीएनए सुधाने मिळवला. आता शेवटची पायरी उरली होती, त्यातला हवा तो तुकडा वेगळा करण्याची. त्यासाठी सगळाच्या सगळा नमुना जेलवर चढवायचा होता. मागे काही उरणार नव्हतं.

जेल म्हणजे काय ते सांगतो. चायना ग्रासची पारदर्शक वडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या एका कडेजवळ बारीक खाचा असतात. त्या खाचांत नमुना भरायचा, सोबत थोडा निळा रंग, म्हणजे नमुना कुठवर गेला त्याचा अंदाज येतो. वडी खारट पाण्यात बुडवायची आणि दोन्ही बाजूंच्या तारांतून वीज सोडायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे ओढला जातो. लहान तुकडे लवकर पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. तर खाचांच्या बाजूला काळी तार लावायची, लांबच्या बाजूला लाल. काळ्याकडून लालकडे. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

आणि हे सगळं त्या आठवड्यात झालं ज्यात आयुधपूजा होती.

चेन्नईत राहून मला या सणाचा लळा लागला आहे. त्या दिवशी प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र धुऊन पुसून ठेवतात, त्याला चंदनाचं बोट आणि त्यावर कुंकू लावतात, फूल वाहतात, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, वाटतात. रिक्षांना, बसला, लेथला, कॉम्प्युटरला. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विश्रांती. सुधाच्या प्रयोगशाळेतही दरवर्षी होते. साफसफाई करणाऱ्या कन्नियम्मा सगळी यंत्रं अशी लखलखीत करतात की मला लाज वाटते. मग सगळे मिळून कुंकू लावतात.

सणानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका इमारतीत होतो. फोन वाजला. सुधा.

"अण्णा, प्यॅक बिघडला वाटतें. नमुना चढवून मी कॉफी प्यायला गेलें. परत येऊन पाहतें तर निळा रंग पुढें कुठेंच नाही."

जेलला वीज पुरवणाऱ्या पेटीला ती प्यॅक म्हणते. "आकडे दिसतायत का पेटीवर?"

"दिसतात की. सगळें बरोबर दिसतें."

"अजून चालू आहे?"

"चालू आहे."

"पाण्यात बघ. दोन्ही तारांना बुडबुडे येत असतील. जास्त कुठल्या तारेला?"

वीज खारट पाण्यातून गेली की पाणी फुटतं. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो आणि धन टोकाला ऑक्सिजन, आणि हायड्रोजन दुप्पट असतो. म्हणजे बुडबुडे जिथे जास्त ते ऋण टोक. रंग, खुणा, पेटीवरचे आकडे काहीही सांगोत, बुडबुडे खोटं बोलत नाहीत. सुधाला हे माझ्याइतकंच माहीत होतं.

"लांबच्या," ती म्हणाली. खाचांपासून लांबच्या, असा त्याचा अर्थ होता.

"बंद कर. काही हलवू नकोस. पाणी ओतू नकोस. मी येतोय."

ती मग म्हणाली, "अण्णा, माझ्यापाशीं दुसरा नमुना नाहीं."

"माहीत आहे मला."

भर दुपारी त्या रस्त्याच्या कडेने मी पळालो. पळालो म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं पळू दिलं तेवढा. वाटेत मी एकच हिशेब करत होतो. खाचांच्या मागे जेलची अरुंद पट्टी असते, दीड बोटाची असेल. उलट्या विजेने डीएनए त्या पट्टीत शिरला असणार. पट्टी संपली की पाणी. पाण्यात गेला तर गेला, मग मुरुगेसनच्या मुलाचं या जगात मागे उरलेलं शेवटचं तेवढंही त्या पाण्याबरोबर जाणार.

आत गेलो तर सुधा जेलकडे बघत उभी होती, हात पाठीमागे बांधून, जणू हात लागला तर काही मोडेल. पेटीवर ताजं चंदन-कुंकू होतं. दोन्ही भोकांच्या भोवतीची रंगीत कडी वर्षानुवर्षांच्या पुसण्याने पांढरी पडली होती. ओळख म्हणून उरलं होतं ते काल-परवाचं कुंकू, आणि त्याचं ठसठशीत लाल बोट बरोबर ऋण भोकाच्या डोक्यावर बसलं होतं. सुधाने लाल पाहून लाल तार खोचली होती. तारा काढून पेटी क्षणभर सुरू केली आणि मीटरची लाल तार कुंकवाखालच्या भोकाला लावली. आकड्याआधी उणे चिन्ह आलं.

जेलमध्ये निळा रंग मागच्या पट्टीच्या अगदी काठावर पोचला होता. "रंग काठाला आहे," मी म्हणालो.

"रंग पुढें पळतो," सुधा म्हणाली. तिचा आवाज आता कामाचा झाला होता. "माझा तुकडा मोठा आहे, सावकाश चालणार. तो अजून पट्टींत असेल. असायला हवा."

"तारा बदलून परत ओढू या."

"तसेंच नको. येतांना मधें खाच लागणार. खाचेंत पाणी आहे, तिथें तो सांडेल." ती वळली, जेलची थोडी भुकटी पाण्यात वितळवली, हाताला सोसेल इतकी निवू दिली आणि थेंब थेंब करून प्रत्येक खाच बुजवली. खड्ड्यावर पूल बांधावा तसं. मी इतकी वर्षं अशा पेट्या विकणाऱ्या कंपनीत आहे, मला हे सुचलं नसतं. थिजेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. बसायला खुर्च्या होत्या.

मी तारा बदलल्या, मीटरने पुन्हा पाहिलं, आणि वीज सुरू केली. या वेळी खाचांच्या बाजूच्या तारेला भरपूर बुडबुडे आले.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मॅडम आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि मग तो राग कुठे टाकावा हे त्या शोधू लागल्या. दाराशी कन्नियम्मा फडकं घेऊन उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "इथे कुंकू कोणी लावलं?"

कन्नियम्मांनी मान खाली घातली. सुधा जेलवरून नजर न काढता तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, पूजा तुम्हीच केलीत. पेटीला पहिलं बोट तुमचंच."

मॅडमनी स्वतः एक खुर्ची ओढली आणि आमच्याबरोबर जेलसमोर बसल्या. कन्नियम्मांनी कॉफी आणली. ती तशीच निवली.

निळा रंग परत फिरला. बुजवलेल्या खाचा ओलांडून पुढच्या बाजूला आला आणि सरकत राहिला. पण तो रंगच होता, डीएनए नव्हे. डीएनए डोळ्यांना दिसत नाही. तो पाहायला जेल खास दिव्याखाली ठेवावं लागतं आणि दिव्याखाली फार वेळ ठेवलं की तो बिघडतो. सुधाने पुरेसा वेळ जाऊ दिला, वीज बंद केली, खोलीतले दिवे मालवले आणि तो दिवा लावला.

पट्टा होता. फिका, थोडा पसरलेला, पण होता. तिने ब्लेडने तेवढाच चौकोन कापून नळीत घातला, नळीवर नाव लिहिलं, आणि मगच बसली.

त्या संध्याकाळी मुरुगेसन चौकशीला आला. त्याला काही सांगायची गरज नव्हती, मॅडमचंही तेच मत होतं. सुधा म्हणाली की त्याच्या मुलाची वस्तू आहे, त्याला कळलं पाहिजे. तिने त्याला सगळं सांगितलं, उलट्या तारेपासून. तो उभ्याने ऐकत होता. हातावर ग्रीसचे डाग होते. ऐकून झाल्यावर तो माझ्याकडे वळला, मीच यंत्रवाला म्हणून.

"सार, लेथही उलटा फिरतो कधी कधी. मोटरच्या तारा चुकल्या की." मग म्हणाला, "पुरेल ना?"

मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही. या ताईंना विचारा."

सुधा म्हणाली, "पुरवीन."

आमच्या कामाचं एक दुःख असं की शेवट आम्हाला कळत नाही. यंत्र नीट झालं की आम्ही बाहेर. आतल्या नमुन्याचं काय झालं, माणूस जगला की गेला, भेसळ होती की नव्हती, हे कोणी यंत्रवाल्याला कळवत नाही. कळवायचं कारणही नसतं. किती प्रयोगशाळांतून मी असा अर्ध्या गोष्टी घेऊन बाहेर पडलो असेन. कधी कधी वाटतं, अर्ध्या गोष्टी वाहून वाहूनच माणूस इतका थकतो. म्हणून काही आठवड्यांनी पेरुंगुडीला काम नसताना मी गेलो. कारण सांगितलं की पेटीची रंगीत कडी बदलायची आहेत. ती बदललीही.

सुधा म्हणाली, "नमुना पुरला. सांपडलें." भावात जो बिघाड होता तोच मुलीत होता. दूध, डाळी, अंडी हे सगळं मोजून द्यायचं, वेगळी भुकटी द्यायची, ताप आला की लगेच दवाखाना. आयुष्यभर. ती हे सांगत होती तेव्हा मुरुगेसन आणि त्याची बायको सेल्वी तपासणीसाठी आलेलेच होते, बाहेरच्या बाकावर. मुलगी सेल्वीच्या मांडीवर होती आणि तिच्या बांगड्या ओढत होती. ओकणं थांबलं होतं.

सुधा बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसली. मी दाराशी उभा राहिलो. सेल्वीने आहाराबद्दल दोन-चार गोष्टी विचारल्या, दह्याचं, इडलीचं. मग आवाज न बदलता तिने विचारलं, "हे तेव्हा कळलं असतं तर थोरला राहिला असता का?"

मुरुगेसन भिंतीकडे बघू लागला. मला वाटलं सुधा काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "राहिला असता बहुतेक. पण तेव्हा कुठे शोधायचं हेच कोणाला माहीत नव्हतं, अक्का. आता माहीत आहे, ते त्याच्यामुळे."

सेल्वीने मुलीच्या मुठीतून बांगडी सोडवली. मुलगी रडायच्या बेतात आली तशी तिने तिला पुन्हा ती धरू दिली.

"म्हणजे तुझ्या थोरल्या अण्णननेच सांगितलं म्हणायचं," ती मुलीला म्हणाली, आणि पिशवीतून भुकटीचा डबा आणि मोजायचा चमचा काढला. मुलीच्या खाण्याची वेळ झाली होती.